तुझ्या पाठची

चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभं राहून तिचा गुडघा कामातून गेला होता. डॉक्टर म्हणाले, "पोहायला लागा." चाळिशी ओलांडली तरी घोट्याच्या वर पाण्यात कधी उतरल्याचं तिला आठवत नव्हतं. आई उतरूच देत नसे. "पाणी आपल्या घराला धार्जिणं नाही," एवढंच म्हणायची, की विषय संपला.

तरी तिने आईला न सांगता तलावावर नाव नोंदवलं. नवरा म्हणाला, "तू? तू तर तोंड धुतानासुद्धा श्वास रोखून धरतेस!"

तिथले सर उंच, टकले आणि मोजकं बोलणारे. आधी कठडा धरायचा, तोंड बुडवून बुडबुडे काढायचे. हात सोडण्याची बात नंतर. शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर बुडबुडे काढता काढता निम्मा तलाव पिऊन खोकत होते. ती त्यांच्याकडे बघायला वळली आणि तिचा पाय सटकला.

कठडा सुटला. खालची फरशी उतरती होती, टेकायला काही मिळेना. नाकाकानात पाणी गेलं. संपलं सगळं, असं तिला वाटलं. सरांनी उडी घेतली.

पण ते पोचायच्या आत तिचे हात पुढे गेले. पाय बेडकासारखे दुमडले, सुटले. डोकं वर आलं, श्वास घेतला, पुन्हा पाण्यात. ती थेट समोरच्या भिंतीपाशी गेली आणि तिने भिंत धरली.

मागून आलेले सर संतापले होते. "ताई, थट्टा करताय का माझी? येतंय की तुम्हाला!"

"नाही हो सर. शपथ घेते."

"असं आपोआप कुणाला येत नाही. तुमचा श्वास बघितला मी. लहानपणी कुणीतरी नीट शिकवलंय तुम्हाला."

दुसऱ्या कुणाचे असावेत तसे ती स्वतःचे हात बघत राहिली.

ओल्या केसांनीच ती आईकडे गेली. आई मटार सोलत होती. केस दिसताच तिची बोटं थांबली.

"आई, मला पोहता येतं. कुणी शिकवलं?"

"मी."

"तू?"

"नदीकाठी राहायचो तेव्हा. चार वर्षांची होतीस. माझ्याबरोबर पार पलीकडे जायचीस." आई खाली बघूनच बोलत होती. "तुझ्या पाठची काठावर बसली होती. माझं लक्ष तुझ्याकडे. वळून बघितलं, तर नव्हती."

जन्मभर ती स्वतःला एकुलती एक समजत आली होती.

"माझ्या पाठची?"

"किती दिवस हाका मारायचीस तिला. मग थांबलीस. आम्ही गाव सोडलं. म्हटलं, विसरली तर विसरू दे."

"आणि इतकी वर्षं मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"कुठल्या वयात सांगायचं होतं? तूच सांग."

ती आईसमोर खाली बसली. मग तिने बहिणीचं नाव विचारलं. आईने सांगितलं. तिने ते हळूच उच्चारून बघितलं. चेहरा नाही, आवाज नाही, काहीच आठवलं नाही. सगळ्यात जास्त हादरली ती त्यानेच.

आठवडाभर ती तलावाकडे फिरकली नाही. मग गेली. सरांनी विचारलं, "कळलं का, कुणी शिकवलं ते?"

"आईने."

"फार चांगलं शिकवलंय."

त्या दिवशी तिला पाण्यात उतरवेना. तास संपेपर्यंत ती पायरीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मात्र उतरली.