कारूनकाठची फळी

मी एक जुनी फळी आहे. इराणमधल्या अहवाज शहरात कारून नदीच्या काठावर माझा मुक्काम असतो. दिसायला मी काळीठिक्कर, पण मित्रांनो, माझ्याइतकी भाग्यवान फळी या काठावर दुसरी नाही.

मूळची मी होडीची. होड्या बांधणाऱ्या एका मंदाई, म्हणजे वाहतं पाणी पवित्र मानणाऱ्या जुन्या धर्माच्या, सुताराने मला तुतीच्या लाकडातून कापलं. होडी मोडली तेव्हा त्याची बायको सिमत म्हणाली, "माझे गुडघे मेले कुरकुरतात. नदीत उतरायला हिलाच टाका की." तेव्हापासून माझं एक टोक चिखलात आणि दुसरं पाण्यात.

प्रार्थनेआधी मंदाई माणसं वाहत्या पाण्याने हात, तोंड, पाय धुतात. सिमतनंतर तिचा मुलगा झहरून आणि त्याची बायको अन्हर येऊ लागली. अन्हर वारल्यावर तो एकटाच येई. पहाटे कमरेला लोकरीचा पट्टा बांधून तो पाणी घेई आणि स्वतःचं नाव सांगे, "झहरून, सिमतचा मुलगा." प्रार्थनेत वडिलांचं नाही, आईचंच नाव घेतात. ते ऐकलं की सिमत अजून माझ्यावर उभी आहे असं मला वाटे.

मग नदी आटत गेली. माझ्या टोकापासून पाणी दहा हात लांब गेलं. झहरून चिखलात घसरून पडला. त्याचा मुलगा बिह्राम, बाजारातला चांदीकाम करणारा, धावत आला. त्याने नदीतून बादली भरली आणि माझ्यावर ठेवली.

"बाबा, नदीचंच पाणी आहे. घ्या धुवून."

"बादलीत बसलेलं पाणी कुठे वाहतं रे? चाळीस वर्षांचा घोडा झालास. कधी प्रार्थनेला उभा राहिला असतास तर कळलं असतं."

"मग राहू द्या. घरी चला."

त्यानंतर झहरून आला नाही. म्हशी माझ्यावर अंग घासून जात. मला फार वाईट वाटे. सिमतचं नाव या काठावर आता कोण घेणार?

एका दुपारी बिह्राम दोन नव्या फळ्या घेऊन आला. एक शेजारी म्हणाला, "जुनी फेकून दे की."

"नाही हो काका, ही आजीची आहे."

त्याने मला घासून धुतलं आणि नव्या फळ्या माझ्यापुढे ठोकल्या. दुसऱ्या पहाटे बापलेक दोघेही आले. झहरूनने पाणी घेतलं, नाव सांगितलं. बिह्राम मागे घुटमळत होता.

"मला सगळे शब्द येत नाहीत, बाबा."

"नाव येतं ना? तेवढं सांग."

"बिह्राम, अन्हरचा मुलगा."

झहरून वळून त्याच्याजवळ आला. मग हळूच म्हणाला, "पुन्हा म्हण."

मित्रांनो, जुनी वस्तू तोकडी पडली तर तिला लगेच फेकू नका, पुढे जोड देऊन पाहा. पाणी आता मला लागत नाही, ते नव्या फळीला लागतं. पण नदीकडे जाताना दोघांचं पहिलं पाऊल रोज माझ्यावर पडतं, आणि दोन आयांची नावं मला ऐकू येतात.