आधी पुली, मग बोल्ट

दादाने इंजिनाचं टायमिंग कव्हर, म्हणजे पुढचं झाकण, दोनदा बसवलं आणि दोन्ही वेळा पुढून तेल गळलं. गॅरेजबाहेर बाकावर बसलेल्या गाडीवाल्या काकांना तो खुशाल म्हणाला, "यातलं रबरी सीलच भिकार आहे."

माझं डोकं फिरलं. "सीलला कशाला नावं ठेवतोस? तू पुली घालायच्या आधीच बोल्ट आवळतोस, मग सील तिच्याभोवती मधोमध येणार कसं?"

तिसऱ्यांदा मी बसवलं. कडेने सीलंट लावलं, बोल्ट ढिले ठेवले आणि पुली सीलमधून आत सरकवली. कव्हर आपसूक जागेवर आलं. मग बोल्ट आवळले.

सीलंट सुकल्यावर इंजिन सुरू केलं. दादाने खालून पांढरा रुमाल फिरवला. रुमाल कोरडा ठणठणीत!

"यापुढे कव्हर तूच बसव," तो पुटपुटला.

"मोठ्याने बोल, दादा. काकांनाही ऐकू दे."