इंजिन बंद करू नका

मोटारीची किल्ली फिरवली की पुढून एकच ‘टक्’ असा आवाज येई, दिवे मंदावत आणि पुन्हा सारे स्तब्ध होई. तानाताई मुंगवड्यांचा डबा मांडीवर घेऊन मागच्या आसनावर बसली होती, आणि उतरायला तयार नव्हती.

समुद्रपूरहून हिंगणघाट फार दूर नाही. परंतु हैदराबादकडे जाणाऱ्या बारा चाळीसच्या आगगाडीने आमची थोरली बहीण आनंदाबाई कायमची मुलाकडे निघाली होती. ती चौऱ्याऐंशीची, तानाताई ऐंशीची. मी धाकटा, तोही सत्तरी ओलांडलेला. पुन्हा भेट होईल असे आम्हा तिघांपैकी कोणीही मानत नव्हते. एसटीच्या पायऱ्या ताईच्या गुडघ्यांना अशक्य होत्या, आणि गावातल्या भाड्याच्या दोन्ही गाड्या लग्नाला गेल्या होत्या.

मी जागृतीला बोलावले. बसस्थानकाजवळ तिचे गाड्यांच्या वायरिंगचे दुकान आहे. नववीत ती माझ्याकडे संस्कृत शिकली होती.

“बॅटरी गेली असावी. नवी बसव,” मी म्हणालो.

“बॅटरी चांगली आहे, गुरुजी. मीटर पाहा नं, साडेबारा व्होल्ट दाखवून राह्यला.”

“मग स्टार्टर?”

“मले पाहू तर द्या!”

तिने तपासणीचा छोटा दिवा काढला. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले, रिलेपासून स्टार्टर. एकेका ठिकाणी टोक टेकवून ती क्षणभर थांबे, आणि दिवा प्रत्येक वेळी लागे. कारणाचा शोध घेताना एकही पायरी गाळू नये, हे मी चाळीस वर्षे मुलांना सांगत आलो. त्या सकाळी मात्र प्रत्येक पायरी मला असह्य होत होती. सव्वाअकरा वाजले. मी अंगणाच्या फाटकापर्यंत जाई आणि परत येई.

“लहान्या,” ताई आतून ओरडली, “शाळेत पोरायले उभं करत होता नं तू? आता तूच एका जागी उभा राह्य!”

जागृती हसली, पण हात थांबला नाही. “वीज सगळीकडे पोहोचून राह्यली. तिची जायची वाट तपासून झाली, आता वापस यायची पाहू.” तिने पिशवीतून एक जुनी वायर काढून तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण अग्राला आणि दुसरे इंजिनाच्या अंगाला लावले. “मारा सेल्फ.”

इंजिन सुरू झाले. ताईने टाळी वाजवली.

जागृती मात्र विजेरी घेऊन बॅटरीखाली वाकली. बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या जाड पट्टीवर हिरवा गंज चढला होता, आणि त्यात कुंकवाने लाल झालेले दोन तांदूळ रुतले होते.

“गुरुजी, इथं अक्षता कशा आल्या?”

मला उत्तर ठाऊक होते. दर दसऱ्याला मी बॉनेट उघडून यंत्रावरच श्रीफळ फोडत असे आणि ते पाणी तीर्थ म्हणून स्वहस्ते शिंपडत असे. बाहेरून केलेली पूजा मला अपुरी वाटे.

“माझेच कर्म,” मी म्हणालो.

“पूजा करा नं. पण नारळ टायरपाशी फोडा.”

“देव प्याला नाई, लोखंड प्यालं,” ताई म्हणाली.

पट्टीचा बोल्ट गंजून घट्ट बसला होता. तो सोडवायला तास लागला असता. “ही लावलेली जुनी वायर आतून अर्धी तुटेल आहे,” जागृती म्हणाली. “एकदा चालली, दुसऱ्यांदा भरवसा नाई. वापस येईपर्यंत इंजिन बंद करू नका.”

बारा वाजत आले होते. कापसाने भरलेला एक टेम्पो वाटभर आमच्यापुढे डोलत राहिला. प्रत्येक गतिरोधकावर मी श्वास रोखून इंजिनाचा आवाज ऐकत होतो.

स्थानकाच्या आवारात पोहोचलो तेव्हा बारा एकोणतीस झाले होते. ताईला एकटीने चालणे शक्य नव्हते. चालू गाडी उघड्यावर सोडणेही बरे नव्हते. तिने खिडकीतून हात पुढे केला.

मी किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केले.

आनंदाबाई फलाटावर चाकांच्या खुर्चीत बसली होती. ताईने डबा तिच्या मांडीवर ठेवला. आनंदाबाईने झाकण उघडून वास घेतला.

“मीठ जास्त पडलं असंल.”

“खाऊन फोन करजो,” ताई म्हणाली. मी वाकून आनंदाबाईच्या पायांवर मस्तक ठेवले. आगगाडी आली, दोन मिनिटे थांबली आणि गेली.

आवारात परतल्यावर किल्ली फिरवली. ‘टक्.’ मी दुसऱ्यांदा फिरवली नाही. जागृतीला फोन लावला.

“लगेच निघते, गुरुजी.”

“सावकाश ये,” मी म्हणालो.