खिळ्यांचे कारखानदार

यतीनने एझरा व्हिटकोम यांना भिंतीवरून उतरवलं, टेबलावर पालथं घातलं आणि मागच्या पिना उचकटायला घेतल्या.

"हळू रे," सरला म्हणाली. "वय झालंय त्यांचं."

"आई, अकराला लोक येतील. वर्षश्राद्धाला तरी भिंतीवर बाबा नकोत?"

फ्रेम तिने नवऱ्याच्या, विश्वनाथांच्या, फोटोसाठीच घेतली होती, ऑकलंडमधल्या अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात, तारोच्या कंदांच्या ढिगाशेजारी. आत हे कल्लेदार अमेरिकन गृहस्थ आधीच बसलेले. मागे चिकटवलेलं त्यांचं चरित्र नातीने, स्वरदाने, वाचून दाखवलं होतं. ओहायोत खिळ्यांचा कारखाना. पन्नाशीत, पोट भरल्यावर माणसाला जे सुचतं तेच त्यांना सुचलं: देश सुधारावा. निवडून आले. मोकाट डुकरांच्या प्रश्नावर सभागृहात दुपारभर बोलले. पुढच्या निवडणुकीत पडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचं कुलूप स्वतः उघडलं. डुकरं होती तिथेच राहिली.

"आठवड्याभरात बदलते," सरला तेव्हा म्हणाली होती. मध्यंतरी मराठी मंडळाचे शशिकांत पायातल्या जँडल्स चपला दाराबाहेर काढून व्हिटकोमना चक्क नमस्कार करून गेले.

"विश्वनाथरावांचे आजोबा ना? नाक बघा, तेच!"

सरला हो म्हणाली. नाक काही वाईट नव्हतं.

दुपारी सोफ्यावर तिचा डोळा लागला की व्हिटकोम यायचे. उंच हॅट मांडीवर ठेवून खिळे, डुकरं आणि मतदार यांच्याविषयी संथपणे बोलत राहायचे. दिवाणखान्यातून ओहायोतली कुठलीशी नदी वाहत असायची, तिच्यावर ऑकलंडचं ऊन. सरला मान हलवायची आणि त्यांच्या खांद्यावरून दाराकडे बघायची. मागून कुणी येत नसे.

शेवटची पिन निघाली. स्वरदा हार घेऊन आली.

"आजी, हू गेट्स धिस?"

"यांना घाल." सरलाने व्हिटकोमकडे बोट दाखवलं.

"आई, काहीतरीच काय! लोक काय म्हणतील?"

"शशिकांतभावजींना तर चालेल."

"आणि बाबा?"

सरला पदराने काच पुसू लागली. काच स्वच्छच होती.

"गेलेली माणसं स्वप्नात येतात, यतीन. व्हिटकोम रोज येतात. तुझे बाबा अजून एकदाही आलेले नाहीत." तिने काचेवर फुंकर मारली. "आले की लावू."

यतीनने एकेक पिन पुन्हा दाबून बसवली, व्हिटकोमना खिळ्यावर टांगलं आणि स्वरदाला हारासाठी उचलून धरलं. विश्वनाथांचा फोटो त्याने सोफ्यावर उशीला टेकवून ठेवला.

तो स्वयंपाकघराकडे निघाला, दारातून परत फिरला आणि खिडकीचा पडदा थोडा ओढून घेतला. बाबांच्या डोळ्यांवर ऊन येत होतं.