उन्हातला कट्टा

मी इमारतींचे नकाशे काढतो, आणि डोकं तापलं की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही. वस्तीचं वाचनालय माझ्याकडे आलं तेव्हा ठरवलं होतं, ऑफिसात बसून अकलेचे तारे तोडायचे नाहीत. माझी आधीची इमारत काचेची, बक्षीस मिळालेली, आणि आज तिथे कुत्रं फिरकत नाही. या वेळी लोक जिथे बसतात तिथेच बसायची जागा करायची. पुन्हा रिकामी इमारत बघायची माझ्यात ताकद नव्हती.

सहा महिने रोज संध्याकाळी त्या मोकळ्या प्लॉटवर गेलो. कोपऱ्यातल्या एका दगडावर बसायचं, वही उघडायची आणि माणूस दिसेल तिथे नकाशावर ठिपका द्यायचा. खरं सांगू? बायको गेल्यापासून संध्याकाळचं घर खायला उठायचं. काम हे निमित्त होतं.

शेवटी बघतो तर सगळ्यात दाट ठिपके माझ्याच कोपऱ्यात. तिथे ऊन थेट डोळ्यांत येतं, पलीकडे झाडाची गार सावली आहे. नवल वाटलं, पण आपण कोण सांगणार त्यांना? जवळच्याच खाणीतला दगड आणून तिथे ऐसपैस कट्टा बांधला. वाचनालयाची सगळी दारं त्याच्याकडे उघडली.

उद्घाटनानंतर महिन्याभराने गेलो. लोक झाडाखाली, चक्क जमिनीवर बसलेले. कट्ट्यावर चिटपाखरू नाही. मी तणतणत समोरच्या शिंप्याच्या दुकानात शिरलो.

"मास्तर, सहा महिने तुम्ही सगळे त्या कोपऱ्यात बसत होता. आता काय धाड भरली?"

मास्तरांनी दातांनी दोरा तोडला. "तिथे तुम्ही बसायचात, साहेब."

"मग?"

"एकटेच. कुणाशी बोलणं नाही, सदा वहीत डोकं. आमची आई म्हणाली, या माणसाचं कुणीतरी गेलंय, याला एकट्याला बसू देऊ नका. मग आम्ही पाळीपाळीने यायचो."

"त्या उन्हात?"

"तुम्ही हलायलाच तयार नव्हतात. काय करणार?"

मला वाटायचं, मी यांना दिसतसुद्धा नाही. वहीत साऱ्या वस्तीचे ठिपके होते, माझा तेवढा नव्हता. लाज वाटली, आणि कधी नव्हे ते रडू आलं.

"आई कुठे आहेत? भेटतो त्यांना."

"उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात गेली," मास्तर म्हणाले आणि मशीनखाली कापड सरकवायला लागले. दुकानात ते एकटेच होते. दाराजवळची आईची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

उद्घाटनाला मास्तरांनी माझा हात हातात घेतला होता. मी तेव्हा कट्ट्याचे सांधे बघत होतो.

मी खुर्ची वळवली, मशीनशेजारी ओढली आणि बसलो. मास्तरांनी दुकान बंद करेपर्यंत तिथून उठलो नाही.