दातांवरचे पांढरे डाग

माठातलं पाणी समोरच्या दातांना लागलं आणि संध्याच्या कानशिलापर्यंत कळ गेली. पेला खाली ठेवून तिनं आरशासमोर ओठ वर केला. वरच्या चार दातांवर, हिरडीच्या कडेला, खडू फिरवल्यासारखे पांढरे डाग होते.

"काहून तोंड वासून उभी राहिलीस गं?" तिच्या आईनं, कमलबाईनं विचारलं आणि जवळ येऊन पाहिलं. पाहिल्यावर तिचा आवाजच बदलला. "माय गं. तुझ्या पेमाआत्याचे असेच गेले. आदी डाग, मग कपचे उडाले, मग काढूनच टाकले."

पेमाआत्या अजून चाळिशीचीही नव्हती, पण हसताना पदर तोंडावर घ्यायची.

संध्या पोलीस भरतीसाठी रोज पहाटे सेनगावच्या रस्त्यावर पळायची. सोबतच्या सगळ्या पोरी मीठ लावलेली लिंबाची फोड गालात धरून पळत. तोंड सुकत नाही, मळमळत नाही. घरी आलं की लगेच राखुंडीनं दात खसाखसा घासायचे. यात काही चुकत असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टर मंतशानं हे ऐकून कपाळाला हात लावला.

"लिंबानं दात नरम करायचा आणि वरून कानस मारायची! ताई, तुमची दातांशी काय दुश्मनी हाय?"

संध्याला हसू आलं नाही. "काढावे लागतील का, मॅडम?"

"दाताचं वरचं कवच म्हणजे निव्वळ खनिज. आंबटानं त्यातलं कॅल्शियम, फॉस्फेट झिरपून गेलंय. आतला सांगाडा शाबूत असला तर बाहेरून खनिज परत बसवता येतं. पण खड्डा पडला असला तर न्हाई. कवच काही नखासारखं पुन्हा वाढत नसतं."

"मग माझा पडलाय का खड्डा?"

"आत्ता सुई टोचून बघितलं तर नरम भाग मोडेल. ही पेस्ट लावा. दातात असतंय तेच खनिज हाय हिच्यात, फ्लोराइडबी हाय. लिंबू, राखुंडी बंद. थंडीत या, तवा बघू."

संध्या पेस्ट लावू लागली. पळताना आता ती तोंड घट्ट मिटून घेई. गार वारा दातांना लागला की तिचा वेग तुटे. दिवसभर जिभेचं टोक त्या चार दातांवरच फिरे. काल इथं खरखरीत होतं, आज खोलगट लागतंय का? भाकरीचा कडक पापुद्रा ती मागच्या दातांनी तोडायची. कच् असा आवाज आला की घास थुंकून तळहातावर पाहायची, त्यात दाताचा कपचा तर नाही ना.

पाऊस संपला, सोयाबीन निघालं, तरी कळ तशीच. शेवटी तिनं डॉक्टरांना फोन लावला.

"पेस्ट लावल्यावर काय करता?"

"चुळा भरते ना. फेस जाईस्तोवर, बराबर साफ."

"या अल्लाह! म्हणजे औषध सगळं मोरीत! नुसतं थुंकायचं, ताई. ते दातावर राहू द्या, थुंकीबरोबर मुरू द्या."

त्या दिवसापासून संध्या फक्त थुंकायची. कमलबाईला शिसारी येई. "बिनचुळीचं तोंड घेऊन स्वयंपाकाला शिवू नको." पण इतके दिवस वाया गेले होते, आणि तोवर दाताचा सांगाडाच ढासळला असेल, या विचारानं संध्याला भाकरी जाईना.

थंडीत दोघी हिंगोलीला गेल्या. डॉक्टरांनी हवेच्या नळीनं दात कोरडे केले. पूर्वीसारखी कळ आली नाही, नुसती शिरशिरी. तरी संध्यानं खुर्चीचे हात आवळून धरले. सुईचं टोक पहिल्या दातावर हलकेच टेकलं आणि काचेवरून घसरावं तसं घसरलं. दुसऱ्यावरही. तिसऱ्यावरही.

चौथ्यावर ते अडकलं.

डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला. सुई पुन्हा टेकवली. पुन्हा अडकली.

"तीन भरून आलेत. चकाकी बघा." त्यांनी आरसा धरला. "ह्याला मात्र खड्डा पडलाय. पेस्टनं आता हा भरणार न्हाई."

"काढणार?" कमलबाईचा आवाज चिरकला.

"काढायचा न्हाई, मावशी. कोरून भरायचा. आत्ताच. थांबलो तर आत जाईल."

यंत्र सुरू झालं. त्याचा बारीक, किनरा आवाज खोलीभर पसरला. कमलबाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं, पण हात मागे करून लेकीचं पाऊल घट्ट धरलं. घामानं भिजलेली संध्या यंत्राच्या टोकाकडे बघत राहिली, आणि मग तिनं स्वतःच बोटानं ओठ वर धरला.