खडखड थांबली की

मधुकररावांच्या जुन्या डिझेल जीपची सकाळची खडखड अलीकडे फारच वाढली होती. पण प्रताप नगरातून गॅरेजात पोचेपर्यंत इंजीन तापायचं आणि जीप गरीब गाईसारखी गप्प व्हायची. शेवटी रज्जू मिस्त्री वैतागला.

"गरम इंजीन खोटं बोलते, काका. उद्या सकाळी मीच घरी येतो. तोवर चावीले हात लावू नोका."

"मले शिकवून राहिला का?" मधुकरराव गुरगुरले, पण कबूल झाले.

संत्र्यांच्या दिवसांत नवराबायको पहाटेच याच जीपनं कळमन्याच्या फळबाजाराला निघत. मालाची पारख गोपिकाबाईंची. त्यांनी नाक मुरडलं की मधुकररावांची बोली तिथंच थांबायची. निघण्याआधी ते जीप चालू करत आणि डावीकडचं दार उघडून ठेवत. खडखड थांबली की गोपिकाबाई शाल आवळत बाहेर येत आणि विचारत, "झाला का तिचा खोकला?"

त्यांना जाऊन आता दोन हिवाळे झाले.

दुसऱ्या दिवशी रज्जू आला, तर जीप चालूच. खडखडीचं नाव नाही. त्यानं बोनटवर हात ठेवला. चांगलंच तापलं होतं.

"आता काय म्हणावं तुम्हाले! काहून चालू केली जी?"

रज्जू वळसा घालून पलीकडे गेला. जीपचं डावीकडचं दार सताड उघडं होतं.

"कोणी येऊन राहिलं का, काका?"

मधुकररावांनी घराकडे पाहिलं. मग ते दार त्यांनी हळूच लावून घेतलं.

"उद्या ये," ते म्हणाले. "आज मी विसरलो गा."